तळ्याएवढी शर्यत : इझ्तोक चोप आणि त्याचा देश

ब्लेडचे तळे लांबीला 2,120 मीटर भरते. ऑलिंपिकमधली नौकानयनाची शर्यत 2,000 मीटरची असते. म्हणजे स्लोव्हेनियातल्या या छोट्याशा गावात जन्मभर राहिलेल्या माणसाला शर्यतीचे अंतर किती, हे सांगावे लागत नाही. एका काठावर उभे राहून पलीकडच्या काठाकडे पाहिले की झाले.

तळ्याच्या मध्यावर एक लहान बेट आहे आणि बेटावर मेरीमातेचे चर्च. धक्क्यापासून चर्चपर्यंत 99 दगडी पायऱ्या आहेत. लग्न झाल्यावर नवऱ्याने नवरीला उचलून या पायऱ्या चढायच्या, अशी इथली रीत. बेटावर जायला ‘प्लेत्ना’ नावाची सपाट बुडाची लाकडी नाव मिळते. नावाडी मागच्या बाजूला उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो, आणि हा धंदा गावातल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच पाण्यावर, जरा पश्चिमेला, झाकाच्या काठाशी नौकानयनाचे केंद्र आहे. तिथून सकाळी निघणाऱ्या नावा मात्र अगदी निराळ्या असतात. सुईसारख्या अरुंद आणि इतक्या हलक्या, की दोन माणसे त्या खांद्यावर टाकून सहज पाण्यापर्यंत नेतात.

इझ्तोक चोप या पाण्यावर घडला. त्याचा जन्म जवळच्या क्रान्य शहरातला, 17 जून 1972 चा. पुढे तो सहा ऑलिंपिक खेळला, त्यांपैकी चारांमध्ये त्याने पदक मिळवले, आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पदकात वीस वर्षांचे अंतर पडले. आकडे तर थक्क करणारे आहेतच. तरी स्लोव्हेनियात या माणसाला जे प्रेम मिळाले त्याचा उलगडा केवळ पदके मोजून होत नाही. त्यासाठी त्याच्या कारकिर्दीशेजारी त्याच्या देशाचे वय मांडावे लागते.

एकोणीस वर्षांचा मुलगा, नवा देश

चोपचा जन्म झाला तेव्हा स्लोव्हेनिया हे युगोस्लाव्हियाचे एक घटक प्रजासत्ताक होते. ब्लेडला नौकानयनाची परंपरा तेव्हाही होती. 1966 आणि 1979 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच तळ्यावर भरल्या, आणि 1989 मध्ये पुन्हा एकदा. त्या वर्षी चोप सतरा वर्षांचा होता. त्याच्या आदल्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये सादिक मुय्किच आणि बोयान प्रेशेर्न या जोडीने कांस्यपदक मिळवले होते. पदक स्लोव्हेनियाच्या मुलांनी जिंकले, पण ध्वज चढला तो युगोस्लाव्हियाचा.

स्लोव्हेन खेळाडूंना याची सवय होती. त्यांचा सर्वांत आदरणीय क्रीडापटू लेओन श्तुकेल हा जिम्नॅस्ट. त्याने 1924 मध्ये पॅरिसला आणि 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला सुवर्णपदके जिंकली, तीही युगोस्लाव्ह राज्याच्याच नावावर. आपली माणसे जिंकतात, पण जगाच्या नोंदवहीत आपले नाव येत नाही, हा त्या समाजाचा जुना अनुभव होता.

25 जून 1991 रोजी स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. चोपला एकोणीस पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते. दोन दिवसांत युगोस्लाव्ह सैन्याशी लढाई सुरू झाली. दहा दिवस चाललेला तो संघर्ष इतिहासात ‘दहा दिवसांचे युद्ध’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच उन्हाळ्यात व्हिएन्नात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे चोप आणि डेनिस झ्वेगेल या जोडीने रौप्यपदक मिळवले. देशाने स्वातंत्र्य जाहीर केले होते, पण जगाची मान्यता अजून यायची होती, त्यामुळे निकालपत्रावर या दोघांच्या नावापुढे युगोस्लाव्हियाच लिहिलेले होते.

जानेवारी 1992 मध्ये युरोपीय समुदायाने मान्यता दिली. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक आले. नौकानयनाच्या शर्यती शहरापासून दूर, बान्योलेसच्या तळ्यावर होत्या. चोप आणि झ्वेगेल यांच्या गटात सुवर्ण जिंकले ते ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्ह आणि मॅथ्यू पिन्सेंट यांनी. नौकानयनाच्या इतिहासातल्या सर्वांत नामांकित जोड्यांपैकी ती एक. रौप्य जर्मनीला गेले. तिसरी आली वीस वर्षांच्या चोपची नाव. त्याच स्पर्धेत मिलान यान्शा, यानेझ क्लेमेन्चिच, साशो मिर्यानिच आणि सादिक मुय्किच या चौघांनीही कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र स्लोव्हेनियाची बार्सिलोनातली पदके ही एवढीच, दोन कांस्य. दोन्ही वल्ह्यांनी मिळवलेली.

एका वर्षाच्या देशाला ऑलिंपिकच्या पदकतक्त्यावर स्वतःचे नाव पहिल्यांदा दिसले, ते या सहा जणांमुळे. चोपच्या लोकप्रियतेचे मूळ इथे आहे.

एका वल्ह्यावरून दोन वल्ह्यांवर

पुढची गोष्ट समजण्यासाठी या खेळातला एक भेद माहीत हवा. नौकानयनाच्या शर्यतींचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्यात प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे असते. एकाचे वल्हे उजवीकडे, तर दुसऱ्याचे डावीकडे. प्रत्येक ओढीला शरीर एका बाजूला वळते. दुसऱ्या वर्गाला ‘स्कलिंग’ म्हणतात. त्यात प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते. ओढ दोन्ही बाजूंना सारखी बसते, मात्र ओढीच्या मध्यावर दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, आणि तेवढ्या क्षणात हात किंचित चुकला तरी नाव डगमगते.

बार्सिलोनातले पदक पहिल्या वर्गातले होते. त्यानंतर चोप दुसऱ्या वर्गात गेला आणि तिथल्या सर्वांत अवघड प्रकारात उतरला. हा एकेरीचा प्रकार : नावेत एकटा माणूस, दोन वल्ही आणि किमान चौदा किलो वजनाची नाव. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओत उतरला तो याच प्रकारात. एकेरीत चूक झाकायला जोडीदार नसतो. दम संपला तरी आपलाच, आणि हिंमत खचली तरी आपलीच.

1995 मध्ये फिनलंडमधल्या ताम्पेरे इथे चोप एकेरीचा विश्वविजेता झाला. एका वल्ह्यावर ऑलिंपिक पदक आणि तीन वर्षांनी दोन वल्ह्यांवर विश्वविजेतेपद, हा पालट किती कठीण आहे हे या खेळातल्या लोकांना नेमके ठाऊक असते. स्नायूंची सवय, तोल आणि लय सगळे नव्याने बसवावे लागते.

पुढच्या वर्षीच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो विश्वविजेता म्हणून उतरला. स्वित्झर्लंडचा क्सेनो म्युलर पहिला, कॅनडाचा डेरेक पोर्टर दुसरा आणि जर्मनीचा थॉमस लांग तिसरा आला. चोप चौथा राहिला. खेळात चौथ्या जागेइतकी एकाकी जागा नाही. पहिल्या तिघांसाठी पायऱ्या मांडलेल्या असतात. चौथा माणूस नाव उचलतो आणि निघून जातो.

दोन शरीरे, एक ओढ

अटलांटानंतर चोपने जोडीच्या नावेत बसायचे ठरवले. जोडीदार होता लुका श्पिक. त्याचाही जन्म क्रान्यचाच, पण 1979 चा. चोपपेक्षा तो जवळजवळ सात वर्षांनी लहान. बार्सिलोनात चोपने पदक घेतले तेव्हा श्पिक तेरा वर्षांचा होता. या जोडीला मिलोश यान्शा यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. स्लोव्हेन नौकानयनाच्या पुढच्या यशामागे त्यांचे काम मोठे आहे.

‘डबल स्कल्स’ या प्रकारातली नाव सुमारे दहा मीटर लांब असते आणि तिचे किमान वजन 27 किलो असते. तीत बसणाऱ्या दोघांचे वजन मात्र 180 किलोच्या आसपास भरते. बैठका चाकांवर सरकतात. ओढीसाठी पाय दुमडून दोघे नावेच्या मागच्या टोकाकडे सरकतात, वल्ह्याचे पाते पाण्यात बुडवतात आणि पायांनी जोराचा रेटा देतात. लोकांना वाटते की वल्हे हातांनी ओढतात. प्रत्यक्षात बहुतेक जोर मांड्यांचा असतो, मग पाठीचा. हातांचे काम शेवटी येते.

सत्तावीस किलोच्या नावेत 180 किलो वजन मिनिटाला पस्तीस ते चाळीस वेळा पुढेमागे सरकते, याचा परिणाम मोठा असतो. दोघे ओढ संपवून परत सरकताना थोडे जरी घाईत असले, तरी त्यांच्या वजनाचा धक्का नावेला मागे रोखतो. एक आधी आणि दुसरा नंतर सरकला, तर नाव अडखळत चालते. म्हणून दोन ताकदवान माणसे एकत्र बसवली की वेगवान नाव तयार होते, असा हिशेब या खेळात चालत नाही. दोघांचा श्वास, पाते बुडवण्याचा क्षण, पाते बाहेर काढण्याचा क्षण आणि परतीचा वेग, हे सारे जुळावे लागते.

त्यात पाणीही सूट देत नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढवायचा तर सुमारे एक तृतीयांश जास्त शक्ती लागते. अशा अवस्थेत सहा मिनिटांहून अधिक काळ तोल न ढळता ओढत राहायचे. पहिल्या मिनिटाभरातच पायांत लॅक्टिक आम्ल साठू लागते. शेवटच्या 500 मीटरमध्ये मांड्या पेटल्यासारख्या होतात. आणि हे सगळे अंतिम रेषेकडे पाठ करून करायचे असते. वल्हवणाऱ्याला मागे पडलेले प्रतिस्पर्धी दिसतात, पुढे गेलेला दिसत नाही.

चोप आणि श्पिक यांची लय लवकर जुळली. 1999 मध्ये कॅनडातल्या सेंट कॅथरिन्स इथे ते विश्वविजेते झाले. तेव्हा श्पिक वीस वर्षांचा होता, म्हणजे चोप बार्सिलोनात ज्या वयाचा होता त्याच वयाचा.

23 सप्टेंबर 2000

सिडनी ऑलिंपिकच्या शर्यती शहराबाहेर पेनरिथच्या तळ्यावर झाल्या. डबल स्कल्सची अंतिम शर्यत 23 सप्टेंबरला होती. चोप आणि श्पिक यांनी सुमारे सव्वासहा मिनिटांत अंतर कापले आणि नॉर्वेच्या ओलाफ टुफ्टे व फ्रेडरिक बेकेन यांना मागे टाकले. इटलीची जोडी तिसरी आली.

स्वतंत्र स्लोव्हेनियाचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. त्याच दिवशी रायमोंड देबेवेत्स या नेमबाजानेही रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात सुवर्ण जिंकले. नऊ वर्षांच्या देशाला एकाच दिवशी दोन सुवर्णे मिळाली.

पदक देताना विजेत्याचे राष्ट्रगीत वाजवतात. स्लोव्हेनियाचे राष्ट्रगीत फ्रान्स प्रेशेरेन या कवीच्या ‘झ्द्राव्लित्सा’ या कवितेतून घेतले आहे. प्रेशेरेनचा जन्म व्र्बा गावचा, आणि व्र्बा ब्लेडपासून अगदी जवळ. त्या परिसरातल्या कवीचे शब्द राष्ट्रगीत झाले. त्याच परिसरातल्या तळ्यावर वल्हवायला शिकलेल्या माणसामुळे ते ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा वाजले. वीस लाख लोकवस्तीच्या देशाला त्या सकाळचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुणे शहराहूनही कमी माणसांचा हा देश आहे. इथे विजेता माणूस कोणाच्या तरी गावचा, कोणाच्या तरी शाळेतला, कोणाच्या तरी ओळखीतला निघतोच.

जिंकल्यानंतरची बारा वर्षे

सिडनीला चोप अठ्ठावीस वर्षांचा होता. विश्वविजेतेपद एकेरीचेही होते आणि जोडीचेही. ऑलिंपिक सुवर्णही मिळाले होते. अनेकांनी इथे थांबून मान्यवर म्हणून उरलेले आयुष्य काढले असते. चोप पुन्हा सकाळी पाण्यावर गेला.

2004 मध्ये अथेन्सला या जोडीला फ्रान्सच्या सेबास्तियाँ व्हिएयदाँ आणि आद्रियाँ आर्दी यांनी हरवले. चोप आणि श्पिक यांना रौप्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गिफू इथे ते पुन्हा विश्वविजेते झाले, आणि 2007 मध्ये म्युनिकला आणखी एकदा. म्हणजे चोपची चार विश्वविजेतेपदे 1995 पासून 2007 पर्यंत, बारा वर्षांत पसरलेली आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र पदक हुकले. चोप तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

या वयातले शरीर काय करू शकते आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवे. नौकानयनाच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या बळावर तयार होतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर हळूहळू उतरू लागते. भरपूर सराव केला तर ही उतरण मंदावते, थांबत नाही. कष्टाने आलेला थकवा जायलाही वेळ लागू लागतो. उलट बाजूला अनुभवाचे पारडे असते. तंत्र नेटके होते, जोर कुठे वाचवायचा ते कळते, शर्यतीचा अंदाज येतो. चाळिशीतला वल्हवणारा विशीतल्यापेक्षा ताकदीने कमी असेल, पण त्याच्या ओढीतली फुकट जाणारी ताकदही कमी असते. मात्र हे पारडे जड ठेवण्यासाठी रोजच्या सरावात खंड पडून चालत नाही. ब्लेडच्या डोंगरवेढ्यात हिवाळा कडक असतो, काही वर्षी तर तळ्यावर बर्फ धरतो. तेव्हा सराव बंद जागेतल्या यंत्रावर, वजने उचलून किंवा दुसऱ्या पाण्यावर जाऊन करावा लागतो. टाळ्यांचा क्षण चार वर्षांतून एकदा येतो. बाकीच्या हजारभर सकाळी प्रेक्षक नसतात.

2011 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चौथ्यांदा ब्लेडला आली. 1989 मध्ये ती इथे भरली तेव्हा सतरा वर्षांचा असलेला चोप एकोणचाळिसाव्या वर्षी अजूनही स्पर्धेतला खेळाडू होता. आणि 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या ईटन डॉर्नी इथल्या पाण्यावर, चाळीस वर्षांचा झालेला चोप आणि तेहतीस वर्षांचा श्पिक पुन्हा अंतिम शर्यतीत दाखल झाले. न्यूझीलंडच्या नेथन कोहेन आणि जोसेफ सलिव्हन यांनी शेवटच्या टप्प्यात मुसंडी मारून सुवर्ण जिंकले. इटलीला रौप्य आणि स्लोव्हेनियाला कांस्य मिळाले. रंगाने हे पदक बार्सिलोनातल्या पदकासारखेच होते. मधे वीस वर्षे गेली होती.

सिडनीतला त्याचा सोबती देबेवेत्स यानेही लंडनला एकोणपन्नासाव्या वर्षी कांस्यपदक जिंकले. देशाच्या पहिल्या दोन्ही सुवर्णांचे मानकरी बारा वर्षांनी पुन्हा पदकतक्त्यावर होते.

लोकांनी त्याच्यात काय पाहिले

नौकानयनात मोठा पैसा नाही. दर आठवड्याला दूरदर्शनवर दिसणारे सामने नाहीत, चाहत्यांचे जत्थे नाहीत. स्लोव्हेनियात हिवाळी खेळांचे वेड फार जुने आहे. पुढे तर बास्केटबॉलमध्ये लुका डॉन्चिच आणि सायकलिंगमध्ये तादेय पोगाचार यांच्यासारखे जगभर गाजणारे खेळाडू या देशाला लाभले. असे असताना पाण्यावर पाठमोरा बसून सहा मिनिटे कष्ट करणारा माणूस लोकांच्या मनात इतका खोल का रुजला?

मला याचे उत्तर त्याच्या सातत्यात दिसते, आणि ते सातत्य ज्या काळात घडले त्या काळात दिसते. देश एक वर्षाचा असताना पहिल्या पदकांत चोप होता. नऊ वर्षांचा असताना पहिल्या सुवर्णात चोप होता. देश विशीत आला तेव्हाही पदकाच्या पायरीवर चोपच होता. 1992 मध्ये जन्मलेल्या स्लोव्हेन मुलाने त्याला आपल्या तान्हेपणी जिंकताना पाहिले नसेल, पण शाळेत असताना पाहिले आणि कॉलेजात असतानाही पाहिले. नव्या राष्ट्राला सण, नाणी आणि ध्वज लवकर तयार करता येतात. सगळ्यांना मिळून आठवेल अशी आठवण मात्र तयार व्हायला वर्षे लागतात. चोपने ती वर्षे दिली.

दुसरे कारण त्याच्या हरण्यात आहे. अटलांटातला चौथा क्रमांक, अथेन्सचे निसटलेले सुवर्ण आणि बीजिंगची रिकामी फेरी लोकांनी पाहिली, आणि प्रत्येक वेळी त्याला परत येतानाही पाहिले. परत येताना तो तोच हट्ट धरून बसला नाही. एका वल्ह्यावरून दोन वल्ह्यांवर गेला, एकट्याच्या नावेतून जोडीच्या नावेत आला, आणि सात वर्षांनी लहान असलेल्या मुलाच्या लयीशी आपली लय जुळवून घेतली. विश्वविजेत्याने दुसऱ्याच्या श्वासाशी श्वास जुळवायला तयार होणे, हे मला त्याच्या साऱ्या पदकांहून मोठे वाटते. श्पिकशिवाय त्याच्या चारपैकी तीन ऑलिंपिक पदके संभवत नव्हती. म्हणून स्लोव्हेनियात ही दोन नावे एका दमात घेतली जातात.

जागतिक नौकानयन महासंघ असामान्य आणि निष्कलंक कारकीर्द करणाऱ्यांना थॉमस केलर पदक देतो. या खेळातला तो सर्वोच्च सन्मान. निवृत्तीनंतर चोपला तो मिळाला. बार्सिलोनात ज्याने त्याला हरवले होते, त्या रेडग्रेव्हचे नावही या पदकाच्या मानकऱ्यांत आहे.

वाचकांपैकी कोणी कधी ब्लेडला गेले, तर बेटावरच्या चर्चचे छायाचित्र काढाच. पण एखाद्या दिवशी पहाटे लवकर उठून झाकाच्या काठावरही जावे. वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखे असते आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले नावा खांद्यावर घेऊन उतरत असतात. समोरचा काठ दोन किलोमीटरवर दिसतो. इझ्तोक चोपने याच पाण्यावर सुरुवात केली, आणि वीस वर्षांत चार ऑलिंपिक पदके घेऊन तो याच काठावर परत आला.